जुने रिव्हॉल्वर : भाव कशाचा आणि कायदा काय?

औरंगपुरा, गुलमंडी, सिटी चौक या भागात बसणाऱ्या व्यापाऱ्यांच्या कानावर हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. घरातल्या जुन्या पेटीत आजोबांच्या वेळचे रिव्हॉल्वर निघाले आहे, अमेरिकेत अशा वस्तूला लाखो रुपये मिळतात म्हणे, तर ते कुठे विकावे? कोणी मोबाईलवर परदेशातल्या लिलावाची चित्रफीत दाखवतो. कोणी भंगारातून किलोच्या भावाने उचललेली गंजकी नळी पुढे करतो. आणि कोणीतरी छातीठोकपणे सांगतो की शंभर वर्षे उलटली की हत्याराला परवाना लागत नाही.

यातली लाखोंची गोष्ट अर्धी खरी आहे. परवान्याची गोष्ट मात्र साफ चूक आहे, आणि त्या चुकीच्या भरवशावर राहणाऱ्याला तुरुंग पाहावा लागू शकतो. म्हणून या विषयावर सविस्तर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटले.

आम्ही कापडाचे व्यापारी. हत्यारांची खरेदी-विक्री आमचा धंदा नाही. पण जुना माल पारखण्याची रीत सगळ्या बाजारांत जवळपास एकच असते. हिमरूचे जुने थान असो, बिदरीचा हुक्का असो की दीडशे वर्षांपूर्वीचे रिव्हॉल्वर असो, असल काय, नकल काय आणि कागद काय, हेच तीन सवाल विचारायचे असतात.

हा शौक मूळचा कुठला?

फिरत्या चक्रात पाच-सहा बार भरून ठेवायचे आणि एकामागून एक सोडायचे, असे हत्यार बाजारात चालते करण्याचे श्रेय अमेरिकेच्या सॅम्युअल कोल्ट यांना दिले जाते. त्यांना १८३६ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. पहिला कारखाना चालला नाही. मेक्सिकोशी युद्ध सुरू असताना १८४७ मध्ये सैन्यासाठी वॉकर नावाचे भारी रिव्हॉल्वर तयार झाले आणि कोल्ट यांचा जम बसला. पुढे कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफोर्ड शहरात त्यांचा मोठा कारखाना उभा राहिला.

त्यानंतर १८५१ चे नेव्ही मॉडेल आले, १८६० चे आर्मी मॉडेल आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध झाले. त्या एका युद्धासाठी सरकारने आर्मी मॉडेलची लाखाहून जास्त नग खरेदी केली. तोवरच्या या रिव्हॉल्वरमध्ये दारू आणि गोळी वेगवेगळी भरावी लागे आणि मागे तांब्याची टोपी लावावी लागे. १८७३ मध्ये कोल्टने पितळी काडतुसाचे नवे मॉडेल काढले. अमेरिकन घोडदळाने ते स्वीकारले. नळी साडेसात इंच, चक्रात सहा काडतुसे. पश्चिमेकडच्या ओसाड मुलखातली छावणी, गुराखी, शेरीफ आणि दरोडेखोर यांच्या चित्रपटांत जे रिव्हॉल्वर दिसते ते बहुतेक हेच.

स्मिथ अँड वेसन, रेमिंग्टन या कंपन्यांचा मालही सैन्याने घेतला. अमेरिकेत या सगळ्या मालाचे हजारो शौकीन आहेत. त्यांची खास नजर सैन्याच्या नगांवर असते. कारण सरकार माल घेते तेव्हा तपासनीस नेमते, तपासनीस शिक्का मारतो आणि वहीत नोंद होते. खाजगी गिऱ्हाइकाच्या मालाला इतका पुरावा क्वचितच असतो.

आपल्या शहराशी याचे नाते

हे सारे अमेरिकेत झाले, मग आपल्याकडे अशी वस्तू आली कशी? १८५१ मध्ये लंडनला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तिथे कोल्ट यांनी आपला माल मांडला आणि इंग्लंडच्या रॉबर्ट ॲडम्स यांनीही मांडला. कोल्ट यांनी १८५३ मध्ये लंडनमध्येच कारखाना काढला. तो काही वर्षेच चालला, पण तेवढ्यात तिथून हजारो नग बाहेर पडले. त्या काळी इंग्रज लष्करी अधिकारी आपले रिव्हॉल्वर स्वतःच्या पैशाने घेत. कोणी कोल्ट घेई, कोणी ॲडम्स. त्यांच्या सामानाबरोबर ही हत्यारे हिंदुस्थानात आली.

आपले शहर तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि इथल्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटची फौज राहत असे. शिपाई इथले, खर्च निजामाच्या माथी आणि अधिकारी इंग्रज, अशी तिची रचना होती. १८५७ च्या जून महिन्यात याच छावणीतल्या घोडदळाने बंड केले. पुण्याकडून आलेल्या इंग्रज फौजेने ते मोडले आणि बंडवाल्यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. आजचा क्रांती चौक त्याच घटनेची आठवण आहे. फिरत्या चक्राची हत्यारे दख्खनमध्ये आली ती याच काळात.

यातून व्यापाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दख्खनमधल्या घरात निघालेले जुने रिव्हॉल्वर अमेरिकन असण्यापेक्षा इंग्रजी असण्याचा संभव जास्त. ॲडम्स, ट्रँटर, वेब्ली ही त्यातली नेहमीची नावे. शिवाय बेल्जियममधल्या लिएज शहरात कोल्टच्या घडणीचा स्वस्त माल ढिगाने तयार होत असे, तोही जगभर गेला. सरहद्द प्रांतातल्या दर्रा आदमखेलचे कारागीर तर कुठल्याही हत्याराची हुबेहूब नकल करण्यासाठी मशहूर आहेत. तेव्हा घोडा आणि चक्र दिसले की "कोल्ट आहे" असे म्हणून भाव लावणे म्हणजे काठावर जर दिसली की पैठणी म्हणण्यासारखे आहे.

भाव कशाचा मिळतो?

आता मुख्य सवाल. तेच मॉडेल, तेच साल, तरी एक नग काही शे डॉलरला आणि दुसरा लाखाला का जातो? लोखंड तर दोघांतही सारखेच. भाव लोखंडाचा नसतो. भाव चार गोष्टींचा असतो.

पहिली गोष्ट, सगळे भाग मूळचे असणे. १८७३ च्या कोल्टवर सांगाडा, चापाची कडी आणि मुठीची मागची पट्टी या भागांवर एकच क्रमांक ठोकलेला असतो. तिन्ही क्रमांक जुळले तर नग एकसंध. एक जरी वेगळा निघाला तर कोणीतरी दोन-तीन मोडक्या नगांतून एक जुळवला, असा संशय येतो. आपल्याकडे दोन साड्यांचे काठ-पदर जोडून एक जुनी साडी उभी करतात, तसेच हे.

दुसरी गोष्ट, शिक्के. सैन्याने घेतलेल्या नगाच्या सांगाड्यावर डाव्या बाजूला यू. एस. ही अक्षरे असतात आणि लाकडी मुठीवर तपासनिसाच्या नावाची आद्याक्षरे चौकटीत ठोकलेली असतात. ऑर्व्हिल एन्सवर्थ नावाच्या तपासनिसाचा शिक्का असलेले सुरुवातीचे नग शौकिनांना फार प्रिय आहेत. कारण २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकेच्या ज्या घोडदळाचा मूळ रहिवासी जमातींनी पराभव केला, त्या घोडदळाकडे त्याच काळातले नग होते.

तिसरी गोष्ट, मूळ झिलई. नवेपणी लोखंडावर निळसर झाक असते. दीडशे वर्षांत ती उडते आणि राखाडी-तपकिरी रंग चढतो. त्यातही मूळची निळाई कुठे कुठे शाबूत असेल तर भाव चढत जातो.

चौथी गोष्ट, कागद. आणि ही सगळ्यांत मोठी. कोल्ट कंपनी आजही फी घेऊन आपल्या जुन्या नोंदी तपासून देते. अमुक क्रमांकाचा नग अमुक साली कारखान्यातून अमुक ठिकाणी रवाना झाला, असे पत्र मिळते. ते पत्र सोबत असले की सौदा सुकर होतो.

कागदाची ताकद किती, ते दोन लिलावांतून दिसते. १८४७ चे वॉकर रिव्हॉल्वर जेमतेम अकराशे नग तयार झाले होते. त्यातला मूळ पेटीसह राहिलेला एक उत्तम नग २०१८ मध्ये अमेरिकेत १८ लाख ४० हजार डॉलरला गेला. दुसरे उदाहरण आणखी बोलके आहे. पॅट गॅरेट नावाच्या शेरीफने १८८१ मध्ये बिली द किड या नामचीन गुन्हेगाराला ज्या कोल्टने मारले, तो नग ऑगस्ट २०२१ मध्ये ६० लाख ३० हजार डॉलरला विकला गेला. वॉकर तरी दुर्मिळ. हा नग तर १८७३ च्या नेहमीच्या मॉडेलचा, ज्याचे लाखो नग निघाले. इतका भाव कशामुळे? तो नग कोणाकडून कोणाकडे गेला याची साखळी कुठे तुटलेली नाही. मधल्या काळात शेरीफच्या विधवेने तो परत मिळवण्यासाठी दावा लावला आणि जिंकला. त्या कोर्टाचे कागदसुद्धा पुरावा म्हणून कामी आले. लोखंड तेच राहिले, किंमत कागदाने वाढवली.

नियमाला अपवादही आहे, आणि खरा पारखी तिथेच ओळखू येतो. १८९२ मध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या बनावटीचे दुसरे रिव्हॉल्वर घेतले आणि १८७३ चे नग कोठारात टाकले. पुढे गरज पडली तेव्हा ते पुन्हा बाहेर काढून, त्यांच्या नळ्या साडेपाच इंचांवर कापून, साफसफाई करून वाटण्यात आले. हजारो नग एकदम खोलून पुन्हा जोडताना भागांची सरमिसळ झाली. म्हणून आखूड नळीच्या या फौजी नगांत क्रमांक न जुळणे हेच स्वाभाविक आहे. अशा नगात सगळे क्रमांक बिनचूक जुळले तर जाणकार आधी भिंग मागवतो. म्हणजे नुसता नियम पाठ असून भागत नाही, नियमामागचा इतिहास ठाऊक असावा लागतो.

पॉलिश म्हणजे नुकसान

आमच्या कारागीर बंधूंनी हे खास लक्षात घ्यावे. जुनी वस्तू हातात आली की आपला पहिला विचार ती चकाचक करण्याचा असतो. भांड्याला कल्हई, दागिन्याला उजाळा, लोखंडाला बफिंग. नव्या मालाला हे ठीक आहे. जुन्या हत्याराला बफ लावले की शिक्क्यांच्या कडा बोथट होतात, क्रमांक पुसट होतो, कोपरे गोल होतात आणि मूळ झिलईचे उरलेसुरले अंश निघून जातात. पाच मिनिटांच्या पॉलिशने वस्तूचा अर्ध्याहून जास्त भाव जाऊ शकतो आणि तो कशानेही परत येत नाही.

कापडात हे आम्ही रोज पाहतो. जुना हिमरू धोब्याकडे देऊन खळ घालून कडक करून आणला की बघणाऱ्याला तो नवा वाटतो, आणि नवा वाटला की त्याची किंमत नव्याचीच होते. वय ही जुन्या वस्तूची दौलत आहे. ती धुऊन टाकायची नसते.

मग करायचे काय? कोरड्या सुती फडक्याने धूळ टिपावी. उघड्या बोटांनी धातूला वारंवार हात लावू नये, घामातल्या मिठाने गंज धरतो. कातडी पाकिटात घालून ठेवू नये, कातडे ओल धरते. याहून जास्त काही करायचे तर ते वस्तुसंग्रहालयाच्या कामाची माहिती असलेल्या माणसाने करावे.

नकली माल कसा येतो?

जिथे भाव तिथे नकल, हा बाजाराचा जुना दस्तूर. खाजगी गिऱ्हाइकाच्या साध्या कोल्टवर नंतर यू. एस. ठोकून तो फौजी म्हणून विकण्याचे प्रकार अमेरिकेत मुबलक आहेत. स्मिथ अँड वेसनच्या स्कोफिल्ड मॉडेलचे काही नग सैन्याने काढून टाकल्यावर वेल्स फार्गो या खजिना वाहणाऱ्या कंपनीने घेतले होते. तिच्या शिक्क्याला भाव आला, तसे खोटे शिक्के सुटले. इटलीत गेली साठाहून अधिक वर्षे जुन्या मॉडेलच्या नव्या प्रती तयार होतात. प्रत म्हणून विकल्या तर त्यात गैर काही नाही. पण कोणी तिच्यावरची नवी नावे घासतो, आम्लाने गंज चढवतो आणि जुनी म्हणून खपवतो.

आपण अमेरिकेला नावे ठेवू नयेत, हा धंदा आपल्याकडेही जुना आहे. इराणचा असदुल्ला इस्फहानी हा तलवारी घडवणारा इतका नामांकित झाला की नंतरच्या पिढ्यांतल्या कारागिरांनी त्याचे नाव आपल्या पात्यांवर सर्रास कोरले. त्या नावाच्या इतक्या तलवारी जगात आहेत की एका माणसाने दहा जन्म घेतले तरी घडवून होणार नाहीत. म्हणून पात्यावर नाव दिसले की खूश होऊ नये, आधी पाते पाहावे.

याउलट खरी नाममुद्रा कशी असते ते पाहायचे तर दौलताबादच्या किल्ल्यावर जावे. तिथल्या मेंढा तोफेवर बादशहा औरंगजेबाच्या नावाबरोबर तोफ ओतणाऱ्या मुहम्मद हुसैन अरबचे नावही कोरलेले आहे. एका कारागिराचे नाव बादशहाच्या नावाच्या जोडीने तीनशेहून अधिक वर्षे टिकले. कारागिराने आपल्या कामावर आपलेच नाव घालावे, दुसऱ्याचे नाही, याचा याहून चांगला दाखला आमच्या पाहण्यात नाही.

कायदा काय सांगतो?

आता ज्यासाठी हा लेख लिहिला त्या मुद्द्याकडे येऊ. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत तयार झालेले हत्यार प्राचीन मानले जाते आणि त्याला बंदुकीचे नेहमीचे नियम लागत नाहीत. मोबाईलवरच्या चित्रफिती याच कायद्यावर बोलतात. तो कायदा आपला नाही.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्यात वयाची सूट नाही. त्याच्या ४५ व्या कलमात एवढेच म्हटले आहे की जे हत्यार कालबाह्य घडणीचे, प्राचीन मूल्याचे किंवा नादुरुस्त आहे आणि जे दुरुस्त करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येण्यासारखे नाही, त्याला हा कायदा लागू नाही. यातले "दुरुस्त करून" हे शब्द दोनदा वाचावेत. आज रिव्हॉल्वर चालत नाही, पण एक स्प्रिंग बदलली की चालेल, असे असेल तर ते कायद्याने बंदूकच आहे. मग ते १८७३ चे असो की १८५१ चे. आणि ते चालण्यासारखे आहे की नाही, हे मालक ठरवत नाही. प्रकरण पोलिसांत गेले की तज्ज्ञाचा अहवाल ठरवतो.

शिक्षाही हलकी नाही. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. विनापरवाना बंदूक बाळगल्यास कमीत कमी दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद. विनापरवाना बंदूक तयार करणे, विकणे किंवा दुरुस्त करणे याला कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप. आमचे लेथवाले, वेल्डिंगवाले आणि कुलूपवाले बंधू इकडे कान देतील तर बरे. ओळखीचा माणूस "जुनी शोभेची वस्तू आहे, जरा घोडा मोकळा करून दे" म्हणून येतो. पन्नास-शंभर रुपयांच्या त्या कामात मालकापेक्षा मोठा गुन्हा कारागिराच्या नावावर चढू शकतो. असे काम घेऊच नये.

याच दुरुस्तीने एका माणसाला परवान्यावर बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि वारशाने मिळणारे हत्यारही त्याच मर्यादेत धरले. म्हणजे अमेरिकन शौकिनासारखे वीस-पंचवीस चालू रिव्हॉल्वर कपाटात मांडणे आपल्याकडे सामान्य माणसाला शक्यच नाही. परदेशातून मागवावे म्हटले तर आयातीलाही परवाना लागतो. कुरिअरने पेटी आली म्हणजे माल कायदेशीर झाला, असे होत नाही.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृतींचा. तो १९७६ पासून अंमलात आहे. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू त्यात मोडते. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर विकता किंवा पाठवता येत नाही, त्याला कैदेची शिक्षा आहे. अशा वस्तूंचा देशात धंदा करायचा तर त्याचाही वेगळा परवाना लागतो. तेव्हा "अमेरिकेतल्या लिलावात पाठवून देऊ" हा बेत दोन्ही कायद्यांत अडकतो. जुनेपणा वस्तूला एका कायद्यातून सोडवत नाही, उलट दुसऱ्या कायद्यात आणतो.

तलवार-खंजीर जमवणाऱ्यांनीही गाफील राहू नये. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची, घरकाम-शेतीकाम सोडून इतर कामाची हत्यारे कायद्याच्या नजरेत आहेत. सरकारने अधिसूचना काढलेल्या भागात त्यांनाही परवाना लागतो. २०१८ मध्ये आपल्याच शहरात ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी जप्त केले होते. मागवणाऱ्यांपैकी कोणाला ती शोभेची वस्तू वाटलीही असेल, पण चौकशीत असे वाटणे कामी येत नाही.

घरात जुने हत्यार निघाले तर

१. घोडा ओढू नका, चाप दाबू नका, नळीत डोकावू नका. जुन्या टोपीच्या रिव्हॉल्वरमध्ये दीडशे वर्षांपूर्वीचा बार भरलेला असू शकतो आणि तो उडूही शकतो. मुलांना दूर ठेवा.

२. पॉलिश करू नका, खोलू नका, कोणाला "बघायला" देऊ नका. फोटो काढून मोबाईलवर फिरवू नका.

३. घरातले जुने कागद शोधा. निजामाच्या काळातला परवाना, नंतरचा परवाना, खरेदीची पावती, मनसब किंवा जागिरीची सनद, काहीही. उर्दू-फारसी कागद वाचता येत नाही म्हणून रद्दीत टाकू नका. आमच्या पिढीतल्या उर्दू शाळेत शिकलेल्या कोणालाही दाखवलात तर निदान कशाचा कागद आहे एवढे कळेल.

४. वकिलाचा सल्ला घेऊन लेखी अर्ज करा. शहराच्या हद्दीत परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहेत, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. परवानाधारक वारला असेल तर विनाविलंब हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पोच घ्यावी आणि मग वारसाने परवान्याचा अर्ज करावा.

५. हत्यार कायमचे निकामी करून ठेवायचे असेल तर ती रीत परवाना अधिकाऱ्यालाच विचारावी. घरी हातोडा-करवत चालवू नये.

६. वस्तू खरोखर ऐतिहासिक असेल आणि घरात ठेवणे शक्य नसेल तर वस्तुसंग्रहालयाला देण्याचा विचार करावा. देताना कुटुंबाचे नाव आणि वस्तूची हकीकत लेखी नोंदवून घ्यावी.

शेवटच्या मुद्द्यावर दोन शब्द. आपल्या जुन्या राज्यातला सर्वांत मोठा संग्राहक म्हणजे तिसरे सालारजंग, मीर यूसुफ अली खान. १९४९ मध्ये ते वारले आणि १९५१ मध्ये त्यांचा संग्रह हैदराबादच्या सालारजंग म्युझियमच्या रूपाने लोकांसाठी खुला झाला. त्यात हत्यारांचे स्वतंत्र दालन आहे. आपल्या शहरातही सराफ्यातल्या डॉ. पुरवारांनी स्वतःच्या हिमतीवर चिलखत, पैठणी, हस्तलिखिते जमवली. महानगरपालिकेच्या संग्रहालयातही जुनी हत्यारे जपलेली आहेत. अशा ठिकाणी ठेवलेली वस्तू कायद्याच्या कटकटीतून सुटते आणि घराण्याचे नावही राहते. पेटीत गंजणाऱ्या लोखंडापेक्षा ते चांगले.

आपल्या धंद्यासाठी यात काय?

कोणी म्हणेल, रिव्हॉल्वर विकायचे नाही, दुरुस्त करायचे नाही, जमवायचेही नाही, मग व्यापार-पानावर हा विषय कशाला? यासाठी की अमेरिकेच्या या बाजाराने जे शिकवले ते आपल्या मालाला जसेच्या तसे लागू आहे, आणि आपल्या मालाला परवान्याचीही गरज नाही.

हार्टफोर्डच्या कारखान्याने दीडशे वर्षांपूर्वी प्रत्येक नगाला क्रमांक दिला आणि रवानगीची वही जपली. आज त्या वहीतल्या एका ओळीचा उतारा लोक पैसे देऊन घेतात. आपल्याकडे हिमरू विणणाऱ्याने, बिदरीत चांदीची तार ठोकणाऱ्याने, पैठणीच्या मागावर बसणाऱ्याने आपल्या किती कामांवर नाव-साल घातले? किती दुकानांत विक्रीची जुनी वही शाबूत आहे? बहुतेक वह्या दिवाळीच्या किंवा रमजानच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे गेल्या. म्हणून शंभर वर्षांचा हिमरू आज बाजारात येतो तेव्हा तो कोणी विणला हे सांगणारे कोणी नसते, आणि दलाल म्हणेल तो भाव घ्यावा लागतो.

यात भांडवल लागत नाही. प्रत्येक चांगल्या नगावर कारागिराचे नाव, साल आणि क्रमांक घालावा. त्याच क्रमांकाची नोंद वहीत करावी, कोणाला विकला तेही लिहावे. गिऱ्हाइकाला पक्की पावती द्यावी. जुना माल हाती आला तर तो धुण्यापूर्वी, कापण्यापूर्वी, चकाकवण्यापूर्वी त्याचा फोटो काढावा आणि कोणाच्या घरातून आला ते लिहून ठेवावे. नवा माल जुन्या नमुन्याचा असेल तर तसे उघड सांगावे. ऐब सांगून विकलेला माल परत येत नाही, ही आपल्या बाजाराची जुनी शिकवण आहे.

आणि घरातल्या पेटीत लोखंड असेल तर ते विकण्याचा विचार करण्याआधी त्याचा कागद शोधावा. कागद असेल तर ती वडिलांची अमानत आहे. कागद नसेल तर वकील गाठून अर्ज करावा, म्हणजे ती अमानत उद्या आपल्या मुलांच्या गळ्यातला फास होणार नाही.